बकऱ्याच्या काळजावर जगताना

माझ्या वहिनीचे नाव तुळसाबाई. मी आज जिवंत आहे, याचे पहिले श्रेय तिचे आणि दुसरे डॉ. मुळे यांचे. डॉक्टरांना हे वाचून राग येणार नाही. हा क्रम त्यांनीच माझ्या खाटेशेजारी उभे राहून लावला होता.

आई गेली तेव्हा मी रांगत होतो. त्याच सुमारास वहिनी लग्न होऊन करकंबच्या आमच्या घरी आली. ती स्वतःच लहान होती, पण मला तिनेच वाढवले. आम्ही गुरव. गावातल्या महादेवाची पूजा आमच्या आणि चुलत्यांच्या घराकडे पाळीपाळीने असते. आमच्या पाळीत माझा थोरला भाऊ, दादा, पिंडीची पूजा करतो आणि वहिनी देवाचा निवद रांधते. आमच्या घराण्यात मांसमच्छी वर्ज्य आहे. एका चुलीवर जेवणाऱ्यांपैकी एकाने जरी ते खाल्ले, तरी त्या चुलीच्या कोणालाही पिंडीला हात लावता येत नाही. हा नियम मला कोणी शिकवल्याचे आठवत नाही. आपले नाव जसे कळते तसा तो कळला.

मी शिकावे म्हणून माझ्या वाट्याची पूजाही दादाने केली. मी बी.ए. झालो आणि सोलापूरच्या एका हायस्कुलात मास्तर झालो. आमच्या कुळात पदवीधर असा मी पहिलाच.

मला झालेला आजार फार लोकांना होत नाही म्हणतात. पण ज्याला होतो त्याला तो ओळखू यायला फार उशीर लागतो. म्हणून मी सगळे जसे घडले तसे लिहीत आहे.

जीभ आणि पाय

सुरुवात जिभेपासून झाली. तिखट लागेना असे नव्हे, उलट साधी भाजीही झोंबू लागली. आरशात पाहिले तर जीभ ओल्या गारगोटीसारखी गुळगुळीत आणि लाल. सगळ्यांनी उष्णता सांगितली. मी सब्जा प्यालो, गुलकंद खाल्ला, सोमवारचे उपास वाढवले.

मग धाप लागू लागली. नवी पेठेतून घरी येताना मी कापडाच्या दुकानांच्या पायरीवर बसत बसत येई. दुकानदारांना वाटे, मास्तरांना धोतरजोडी घ्यायची आहे. एक-दोघांनी तर गठ्ठे सोडून दाखवले. वर्गातली मुले म्हणत, सर गोरे झाले. गोरेपणा नव्हता तो. पिकलेल्या लिंबावर येतो तसा फिकट पिवळा रंग होता. वैद्यांनी पांडुरोग म्हणून लोहभस्म दिले. ते मी नेमाने घेतले, पण गुण आला नाही.

शेवटी पाय गेले. गेले म्हणजे जागेवर होते, पण जमीन लागत नव्हती. पिंजलेल्या कापसावरून चालावे तसे वाटे. एकदा वहाण निघून पडली आणि मी तसाच शाळेपर्यंत गेलो. दारातल्या शिपायाने सांगितले तेव्हा कळले. मला खरी भीती वाटली ती त्या दिवशी. धाप लागते ती थकव्याने, अशी मी समजूत घालत असे. पण स्वतःचा पाय आपल्याला सापडत नाही, याची समजूत कशी घालणार?

काचेवरचा थेंब

मग मी इस्पितळात गेलो. तिथल्या डॉ. मुळे यांनी माझ्या कानाच्या पाळीला सुई टोचून रक्ताचा एक थेंब काचेच्या पट्टीवर घेतला, दुसऱ्या पट्टीने तो पसरला, त्यावर रंग घातला आणि पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. बराच वेळ ते पाहत राहिले. मग स्टूल सरकवून म्हणाले, "मास्तर, तुम्ही शिकलेले आहात. बघा."

मी डोळा लावला. पेशी हा शब्द मी पुस्तकातून वाचला होता, पाहिली कधी नव्हती. निरोगी माणसाच्या रक्तात त्या दाट, लहान आणि सारख्या असतात. हे समजावे म्हणून त्यांनी आधी स्वतःच्या रक्ताची पट्टी दाखवली. माझ्या पट्टीवर पेशी विरळ होत्या आणि जवळजवळ प्रत्येक वेगळी. काही फुगून मोठ्या झालेल्या, काही लांबट, काही फाटक्या.

"तुम्हाला रक्त कमी आहे म्हणून लोखंड खायला दिलं," डॉक्टर म्हणाले. "पण लोखंडाचा तोटा नाहीच. हाडांच्या आत मगज असतो, तिथं या पेशी तयार होतात. वीटभट्टी आहे म्हणा. माती आहे, मजूर आहेत, रात्रंदिवस काम चालू आहे, पण विटा भाजल्याच जात नाहीत. मोठ्या मोठ्या कच्च्या विटा बाहेर पडतात आणि वाटेतच फुटतात. त्या भाजायला जे लागतं ते तुमच्या अंगात उरलेलं नाही."

"काय लागतं?"

"ते कोणालाच अजून नीट माहीत नाही. फक्त कशात सापडतं ते कळलंय. काही वर्षांपूर्वीपर्यंत या रोगाचा माणूस वाचतच नसे." त्यांनी स्टूल परत ओढून घेतले. "बकऱ्याचं काळीज, म्हणजे यकृत. रोज पावशेर. पुरतं शिजवायचं नाही, नुसती आच दाखवायची. मी स्वतः ब्राह्मण आहे मास्तर, मी ते कधी शिवलेलो नाही. पण वाचलंय ते सांगतो. त्याचं सत्त्व काढून विलायतेत औषध करतात, ते सोलापुरात मिळत नाही."

मी विचारले, "दुसरं काही?"

"नाही."

मी त्यांचे आभार मानून घरी आलो. काय सांगितले असे पत्नीने, इंदूने, विचारले. विश्रांती सांगितली आहे, असे मी उत्तर दिले.

दोन्हीकडून बंद

खोटे फार टिकले नाही. मी वर्गात पडलो आणि मुलांनी मला खुर्चीवर बसवून, उचलून इस्पितळात नेले. डॉक्टरांनी इंदूला सांगितले, इंदूने दादाला पत्र घातले, दादा आला.

दादा माझ्या खाटेजवळ बसला, तेव्हा त्याचे हात नेहमीसारखे बेलाच्या पानांच्या वासाचे होते. पुष्कळ वेळ त्याने माझा पाय चेपला. मला ते समजत नव्हते, फक्त दिसत होते.

"दुसरा डाक्टर बघू," तो म्हणाला. "पुन्याला नेऊ तुला."

"औषध तेच सांगतील, दादा."

"आरं, तू हितं ऱ्हात असलास तरी गावाच्या लेखी आपली चूल एकच हाय. तू खाल्लंस की म्या पिंडीला हात लावायचा न्हाय. मल्हारी तर टपूनच बसलाय." मल्हारी आमचा चुलतभाऊ. आमची पाळी सुटली तर ती त्याच्या घराला जाणार होती. "पर मी न्हाय म्हनत न्हाई. तू सांग. तू शिकलेला हाइस."

मी हिशेब करत राहिलो. खाल्ले तर ज्या माणसाने माझ्या वाट्याची पूजा वर्षानुवर्षे केली त्याचा हात देवावरून निघतो. न खाल्ले तर मी जातो. त्या वॉर्डातल्या खिडकीला उभे गज होते. पण गज नसते तरी मी कुठे जाणार होतो? उठून बसलो तरी डोळ्यांपुढे अंधारी येत होती. आजारी माणसाला घरचे म्हणतात, मन घट्ट कर. मन कशाच्या बाजूने घट्ट करायचे हेच मला कळत नव्हते.

दादा गावी परत गेला. पाळी चालू होती, त्याला जाणे भाग होते.

वॉर्ड

इस्पितळाचा दिवस फिनेलच्या वासाने सुरू होई. मग खाटा सरकवून झाडलोट, मग नर्सबाईंची थर्मामीटर घेऊन फेरी, मग चहा, मग डॉक्टर. दुपारी कावळे आणि गिरण्यांचे भोंगे. भोंगा झाला की शेजारच्या खाटेवरचा मेहबूबभाई अंगातल्या सवयीने दचके. तो गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होता; यंत्राच्या पट्ट्यात सापडून पाय मोडला होता.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून इस्पितळाच्या भटारखान्यातून माझ्यासाठी झाकलेली थाळी येई. मी तोंड भिंतीकडे करी. थाळी तशीच परत जाई.

मेहबूबभाईला ते सहन होत नसे. "क्या मास्तर," तो म्हणायचा, "हमारे घरमें ये चीज ईदको मिलती. तुम्हारे को रोज मिलती, फिर भी मुँह फिराते. नको तो इधर सरकाव."

"सरकवतो, पण डॉक्टर तुम्हाला ओरडतील."

"मेरा पाँव टूटा है मास्तर, कान नहीं. सुन लेऊंगा."

हसलो की मला धाप लागे. तरी त्या दिवसांत मी जेवढा हसलो तेवढा त्याच्यामुळे.

वहिनी

वहिनी एकटी आली. मोडनिंबला गाडी धरून, कुर्डुवाडीला बदलून, इस्पितळ विचारत विचारत. आजवर ती आगगाडीत एकटी बसली नव्हती. माझ्याकडे पाहून ती रडली नाही. पदराने माझे कपाळ पुसून तिने खाटेखालचे गाठोडे आवरले आणि इंदूला म्हणाली, "जा पोरी, घरी जाऊन आंग धू. मी हाय हितं."

दुपारी थाळी आली. मी भिंतीकडे वळलो.

"काय हाय त्यात?" तिने विचारले.

"वहिनी, तू लांब हो."

"मी इचारलं काय, तू सांगतो काय." तिने झाकण काढले. आतले निरखून पाहिले. मग नर्सबाईंना म्हणाली, "बाई, ह्येच व्हय ते? ह्येच्यानं बरं वाटंल?"

"डॉक्टर तसंच म्हणतात."

"तुमी बगितलंय का कुनाला बरं झाल्यालं?"

"नाही. हे पहिलेच."

एवढे खरे उत्तर मिळाल्यावर वहिनी परत घेऊन जा म्हणेल, असे मला वाटले. तिने थाळी मांडीवर घेतली.

"वहिनी, तू निवद रांधतेस. हात लावू नकोस."

"शिवा, तू ल्हान व्हतास तवा एरंडेल पाजताना तुजं नाक दाबायची मी. आता बी दाबू का? ह्या समद्या लोकांसमोर?"

"दाबो, दाबो," मेहबूबभाई म्हणाला. "मैं हात पकडताऊं."

तिने घास केला. तिचा चेहरा दुसरीकडे होता, पण हात बरोबर माझ्या तोंडाशी आला. मी खाल्ले. ओकारी आली, तिने पाठ चोळली आणि पुढचा घास केला. थाळी संपेपर्यंत ती थांबली नाही.

मग ती बाहेर नळावर गेली आणि पुष्कळ वेळ हात धूत राहिली. परत येऊन म्हणाली, "म्या माज्या हातानं दिलंया. आता निवद मी रांधायचा न्हाय. घरी जाऊन सांगीन तुज्या दादाला, चोरून ठेवायची न्हाय. पर उद्या बी मीच देनार."

संध्याकाळच्या फेरीला डॉ. मुळे आले. रिकामी थाळी पाहून वहिनीला म्हणाले, "औषध मी सांगितलं बाई, पण दिलंत तुम्ही. आधी तुमचं, मग माझं."

भट्टी पेटली

जे झाले त्यावर माझा स्वतःचाच विश्वास बसत नाही. आठवडाभर काही फरक नव्हता. मग एका सकाळी मला भूक लागली. किती महिन्यांनी लागली ते सांगता येणार नाही. इंदूने भाकरी आणि शेंगाची चटणी आणली, आणि चटणी चटणीसारखी लागली, जिभेची आग झाली नाही. मी दुसरी भाकरी मागितली तेव्हा इंदू दाराआड जाऊन डोळे पुसून आली.

डॉक्टरांनी पुन्हा कान टोचला. काचेवर नव्या कोवळ्या पेशी गर्दीने आल्या होत्या. "भट्टी पेटली," ते म्हणाले. रोज मुलांना दुसऱ्यांचे शोध शिकवणाऱ्या माणसाला आपल्याच हाडांत एक शोध खरा होताना दिसावा, हे भाग्य लहान नाही. मी त्या वेळी तरी तसेच समजलो.

घरी जाताना डॉक्टर म्हणाले, "बंद करू नका." मी हो म्हटले. वहिनीनेही हो म्हटले.

न्हाण

आमच्याकडे आजारातून उठलेल्या माणसाला न्हाण घालतात. देवी आल्या असोत, विषमज्वर असो, वैद्य बरा म्हणाला की एक दिवस धरायचा, कडुलिंबाच्या पाण्याने न्हाऊ घालायचे, आजारातली वस्त्रे टाकायची. त्यानंतर औषध घ्यायचे नसते. न्हाणानंतर औषध घेणे म्हणजे गेलेल्या दुखण्याला मागे हाक मारणे. हे घरातला कोणीही सांगेल. मीही सांगितले असते; डॉक्टरांचे ‘बंद करू नका’ मी न्हाणापर्यंतच धरले.

मी खाऊ लागल्याचे कळल्यापासून दादाने पिंडीला हात लावला नव्हता, पूजा मल्हारीकडे होती. आता दादाने उपाध्यांना विचारले. ते म्हणाले, औषध म्हणून घेतले आणि ते संपले, तर दोघांनाही शुद्धी आहे. करकंबला मला न्हाण घातले. वहिनीने आणि मी प्रायश्चित्त घेतले. मल्हारीसुद्धा पंगतीला बसला. दुसऱ्या दिवशी वहिनीने निवद रांधला. दादाने मला हाताला धरून गाभाऱ्यात नेले आणि म्हणाला, "लाव हात." मी पिंडीला हात लावला. दगड गार होता, आणि तो गारवा माझ्या बोटांना समजला.

सगळे संपले होते. मी आनंदाने शाळेत रुजू झालो.

काही महिने बरे गेले. मग एका दुपारी जेवताना आमटी झोंबली. मी पाणी प्यालो आणि इंदूला काही बोललो नाही. तिने विचारलेही नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या ताटात तिखट कमी घालू लागली. आम्ही दोघेही एकमेकांपासून तेच लपवीत होतो.

शेवट नसलेले औषध

डॉ. मुळ्यांनी पट्टी पाहिली आणि डोळे मिटून बसले. "कधी बंद केलंत?"

मी न्हाणाचे सांगितले.

"माझीच चूक, का ते समजावलं नाही. ताप उतरला की दुखणं संपतं, तसंच हेही संपलं असं तुम्हाला वाटणारच. मास्तर, हे औषध नाही. हे तुमचं पाणी आहे. कोणी तहान भागली म्हणून पाणी कायमचं सोडतं का? रक्तातली पेशी थोडे महिने जगते आणि मरते. रोज नवीन लागते. रोज नवीन भाजावी लागते."

"किती वर्षं?"

"जितकी जगायची तितकी."

मी टांग्यातून घरी आलो, तेव्हा बाजार नेहमीसारखा भरला होता. माणसे कापड फाडून घेत होती, भावावरून भांडत होती. मला त्या सर्वांचा हेवा वाटला. मरणाची भीती आता नव्हती, वेगळेच होते. प्रायश्चित्त घ्यायचे तर केलेली गोष्ट संपावी लागते. माझी गोष्ट रोज सकाळी नव्याने सुरू होणार होती. मला शुद्धी कधीच मिळणार नव्हती. मरेपर्यंत मी बरा राहणार होतो आणि बाहेर राहणार होतो.

दादा आला. या वेळी तो खाटेवर नव्हे, समोर जमिनीवर बसला.

"रोज?" त्याने विचारले.

"रोज."

"आन् सत्त्व का काय म्हनत व्हते, ते बी त्येच?"

"तेही त्याचंच, दादा."

त्याने पुष्कळ वेळ टोपी हातात फिरवली. मग मीच म्हणालो, "मला वेगळा कर. चूल वेगळी झाली की तुझा हात मोकळा राहतो."

"आई गेली तवा तुला माज्या मांडीवर दिलाय बानं. आन् आता मी म्हनू, ह्यो माज्या घरातला न्हाय?"

"घरातला नाही असं म्हणू नकोस. चुलीवरचा नाही एवढंच म्हण."

पंचांसमोर तसे झाले. मी पूजेतला माझा हिस्सा सोडला. कागद झाल्यावर दादा मला वेशीपर्यंत पोचवायला आला आणि मी गाडीत बसल्यावरही तसाच उभा राहिला.

सिगडी

इंदूला त्या वासानेच ओकारी येई, म्हणून मेहबूबभाई आपल्या घरून शिजवून आणी, कुबडी टेकत. पण तो गिरणीत परत लागला आणि त्यात खंड पडू लागला. हे करकंबला कळले. वहिनीने निरोप धाडला: मी देवाचे काम सोडते आणि सोलापूरला येऊन राहते, शिवाला रोज कोण घालणार?

निरोप ऐकून इंदू उठली. घरामागच्या परड्यात सिगडी मांडून तोंडाला पदर बांधला. "वहिनींनी देव सोडायचा आणि मी नाक धरून बसायचं, असं नाही व्हायचं," ती म्हणाली. तिने ते शिजवले. पहिले काही दिवस जास्त शिजले, चामड्यासारखे. मी तक्रार केली नाही.

मग तिला दिवस राहिले आणि वास अजिबात सोसेना. आता मी स्वतः शिजवतो. बी.ए.च्या अभ्यासात सिगडी पेटवणे नव्हते. इंदू आतून ओरडते, "अहो, वारा घाला, फुंकू नका, धाप लागेल." शेजारी हसतात.

ज्यांना हा आजार होईल त्यांना मला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. जीभ गुळगुळीत झाली आणि पायाला जमीन लागेना, तर उष्णता म्हणून बसू नका, रक्त काचेवर दाखवा. आणि बरे वाटल्यावर न्हाण घाला, पण औषध सोडू नका. आपण मोकळे झालो असे मी म्हणणार नाही. मी मोकळा नाही. पण या बंद जागेतही माणसाला घर मांडता येते.

गेल्या आठवड्यात मी वहिनीला पत्र घातले. ते येथे उतरवून थांबतो.

*श्री*

*तीर्थरूप सौ. वहिनीस बालक शिवरामचे शिरसाष्टांग नमस्कार.*

*दादा हे मोठ्याने वाचील, तेव्हा त्यालाही नमस्कार. अक्षर लागले नाही तर त्याने रागावू नये.*

*तुझा निरोप तेव्हाच पोचला, उत्तराला उशीर झाला. माझ्यासाठी निवद सोडू नकोस. तू तो सोडलास तर मी वेगळा झालो त्याचा उपयोग काय? डॉक्टरांनी रक्त पाहिले, चांगले आहे. पाय मला सापडतात. पूर्वीइतके नाही, पण वहाण निघाली तर कळते.*

*वाईट वाटते का असे विचारशील, तर वाटते. सणाला तुम्ही सगळे आत बसाल आणि माझे पान ओसरीवर मांडावे लागेल. ते मांडताना तू रडू नकोस. मी जेवेन.*

*आता दुसरे. इंदूला दिवस आहेत. तिला आई नाही, हे तुला माहीत आहे. बाळंतपणाला तू यावेस. उपाध्यांना मी विचारून घेतले. स्वतः रांधून खाणाऱ्या पाहुण्याला दोष नाही, असे ते म्हणाले. आतली चूल सारवून ठेवली आहे. तिच्यावर आजवर नको ते काही चढलेले नाही. माझी सिगडी परड्यात आहे, मी तिथेच शिजवतो आणि तिथेच खातो. तुला ते शिवावे लागणार नाही, बघावेही लागणार नाही.*

*पाळी संपली की निघ. कुर्डुवाडीला मी घ्यायला येतो. मला आता कोणी भरवावे लागत नाही. इंदूला भरवायला ये.*

*तुझा*
*शिवा*